आक्काचं हळू बोलणं

आमच्या गिरणीचा भोंगा एकदा बिघडला, तो दुरुस्त व्हायला बरेच दिवस लागले, आणि कुणाचं काही अडलं नाही, कारण माझी नणंद होती. हा विनोद माझा नाही, सूतखात्यातल्या बायकांचा आहे. त्यावरूनच सगळी गिरणी तिला 'भोंगा' म्हणायला लागली. ती कधी रागावली नाही. तिच्या पाठीमागे म्हणायचे ना सगळे, तिला ऐकूच जायचं नाही.

घरात ती आक्का. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून तिनंच त्याला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही, आणि मी लग्न होऊन आले तशी पहिल्याच आठवड्यात मला हाताला धरून गिरणीत नेलं आणि आपल्या शेजारच्या मागावर उभं केलं. नणंद असली तरी मी तिला अगं-तुगं करते. मागावर 'अहो आक्का, ऐकलंत का' एवढं म्हणायचं तर ओठ फार हलवावे लागतात.

हे ओठांचं आधी नीट सांगते. मागखात्यात आवाज एवढा असतो की शेजारणीच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी तिला कळत नाही. म्हणून मागावरची माणसं आवाज काढतच नाहीत. नुसते ओठ हलवतात, मोठे मोठे, जोडीला हात आणि भुवया. नव्या बाईला ते शिकायला काही महिने लागतात आणि मग ती खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला कुणाची सून नांदत नाही इथपासून आज डब्यात काय आहे इथपर्यंत सगळं बोलते. मुकादमाच्या नाकासमोर उभं राहून त्याच्याच टकलावर विनोद करता येतात. तो ऑफिसात वाढलेला, त्याला काही कळायचं नाही.

पण कान जातात. सगळ्यांचेच जातात, कुणाचे अर्धे, कुणाचे पाऊण. आणि कान गेले की आपण स्वतः किती मोठ्यानं बोलतोय याचा अंदाज जातो. त्यामुळे मागावरच्या माणसाला दोनच बोलणी येतात, एक बिनआवाजाचं आणि एक बोंब मारल्यासारखं. मधलं येत नाही. आक्काला तर अजिबातच नाही. एकदा आम्ही एका घरी मुलगी बघायला गेलो होतो, दूरच्या भाच्यासाठी. तिथं आक्का माझ्याकडे झुकून 'हळूच' म्हणाली की चहा पाणचट आहे आणि मुलीपेक्षा आईच देखणी आहे. मुलीच्या बापानं कप खाली ठेवला. आम्ही उठलो. घरी येईपर्यंत तिला कळेना की त्यांना कसं कळलं.

आमच्या मुलीचे कान मात्र शाबूत. शाळेत जाणारी पोर. आम्ही तिघं मागवाले जेवताना बोलायला लागलो की ती उठून खिडक्या लावायची. आधी लाजेनं लावायची. पुढे पुढे भीतीनं लावायला लागली.

हे 'पुढे पुढे' कसं आलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. देश संकटात आहे असं आधी रेडिओवर सांगितलं. प्रमुखांचा आवाज भारदस्त होता, आम्हालासुद्धा ऐकू यायचा. मग एकेक गोष्ट जायला लागली, आणि गेली ती देशासाठीच गेली. देशासाठी युनियनची खोली बंद झाली, तिथं प्रमुखांची तसबीर आली आणि बाहेर कुलूप आलं. वर्तमानपत्रांची संख्या कमी होत होत एकावर आली. दुसऱ्या गावी जायचं तर परवाना. पाचापेक्षा जास्त माणसं जमणार असतील तर चौकीवर जाऊन सांगायचं. शेजारचा शिंपी म्हातारा झाला होता, त्याचे वडील तर फारच म्हातारे, ते वारले, तेव्हा खांदा द्यायला चौघं आणि रडायला एकटा शिंपी असा बेत करावा लागला.

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू. सीमेपलीकडचे लोक आपल्या वाईटावर टपलेत असं सकाळ-संध्याकाळ कानावर आदळलं की अर्ध्या बहिऱ्यालाही ते पटतं. शिवाय गिरणीला काम आलं. घराघराच्या खिडकीला झेंडा लावायचा हुकूम निघाला आणि झेंड्यांचं कापड आम्हीच विणायचो. आक्का म्हणाली, देशप्रेमानं पोट भरतं हे मला आत्ता कळलं. हे ती जिन्यात म्हणाली आणि वरच्या मजल्यावरचं एक दार उघडून परत बंद झालं.

मग सीमेवर लढाई सुरू झाली आणि गावोगावची तरणी पोरं गेली. आमच्या ओळीत शेवटच्या मागावर सुतळी असायची. उंच, काटकुळी, म्हणून सुतळी. तिचा एकुलता एक मुलगा गेला. रेडिओ रोज सांगायचा की आपण जिंकतोय आणि आपला एकही जवान पडलेला नाही. सुतळी ते रोज सकाळी मागावरून मला ओठांनी सांगायची, जशी काही मी रेडिओ ऐकत नव्हते. मी मान डोलवायची.

त्याच सुमाराला झेंड्याचं माप बदललं. खिडकीचा झेंडा असतो हातभर, आणि त्याच्या एका कडेला जाड पट्टी शिवावी लागते, आत दांडी जावी म्हणून. नवे झेंडे पुरुषभर उंचीहून मोठे आणि त्यांना पट्टीच नाही, चारी कडा नुसत्या दुमडलेल्या. शिवणखात्यातल्या एकीनं मुकादमाला विचारलं की पट्टी राहिली का, तर तो म्हणाला मागणीच तशी आहे, आणि वळून चालता झाला. त्यानंतर कुणी विचारलं नाही. बिनदांडीचा झेंडा कशावर घालतात हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. आम्ही तो विणत होतो, शिवत होतो, त्याचे गठ्ठे बांधत होतो, आणि जिथं साऱ्या जगाची उणीदुणी निघायची त्या मागखात्यात या एका गोष्टीवर कुणाचे ओठ हलत नव्हते. अळीमिळी गुपचिळी. त्याला कारण सरकारची भीती तर होतीच, पण खरं कारण सुतळी होती. ओळीच्या टोकाला ती उभी असायची आणि ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पाळी सुरू होण्याआधी रोज गिरणीच्या चौकात शपथ व्हायची. यंत्रं बंद, सगळे रांगेत, तोंडं भिंतीवरच्या प्रमुखांच्या तसबिरीकडे. कर्ण्यावर शपथ व्हायची आणि मग देशासाठी मौन. त्या सकाळी फाटकाशी ट्रक उभा होता आणि त्यात गठ्ठे रचलेले होते, पार वरपर्यंत, दोरी पुरत नव्हती इतके. मौन सुरू झालं. आक्का त्या ट्रककडे बघत राहिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, माझ्या कानाशी वाकली, आणि तिच्या समजुतीप्रमाणे कुजबुजली.

"एकही मेला नाही म्हणतात. मग एवढे बिनदांडीचे झेंडे गुंडाळतात कुणाला गं?"

चौकाच्या चारी भिंतींवर ते आपटलं. फाटकावरचा पहारेकरी वळला. ट्रकवर दोरी बांधणारा माणूस दोरी हातात धरून तसाच थांबला. सुतळी आमच्या मागच्या रांगेत होती. ती हळूहळू खाली बसली, फरशीवर, जशी एखादी दमलेली बाई बसते. आक्कानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "ऐकू गेलं?" असं तिनं मला नुसत्या ओठांनी विचारलं. मी हो म्हटलं. "तिला?" मी परत हो म्हटलं.

दुपारच्या आत तिला मागावरून उचललं आणि गोदामाशेजारच्या खोलीत बसवलं. बाहेर पोलीस. मला डबा द्यायला जाऊ देत, पण दारातूनच. आरोप होता राष्ट्राचं मनोबल खच्ची केल्याचा. त्याला सुधारशिबिर ठरलेलं होतं. शिबिरं लांब कुठंतरी होती आणि तिथून माणसं फार उशिरा यायची किंवा यायची नाहीत, आणि आलेली काही सांगायची नाहीत. आक्काला दम लागायचा, गुडघे गेलेले. ती तिथून परत येईल असं मला वाटत नव्हतं, आणि नवऱ्याला तर मुळीच नाही. तो रात्री जेवला नाही. आईविना पोर होतो तेव्हा हिनं मला पाठीवर बांधून कामावर नेलंय, एवढंच दोनदा म्हणाला.

गिरणीच्या कारकुनाकडून एक गोष्ट कळली. कायदा सरकारनं स्वतःच केला होता आणि स्वतःच्या कायद्याची त्यांना मोठी हौस होती. त्यात लिहिलं होतं की अशा गुन्ह्याला दोन साक्षी लागतात. दोन नसतील तर ताकीद देऊन सोडायचं. एक साक्ष मुकादमाची झालीच होती. नवरा त्याच्याकडे गेला, हातापाया पडला, पण तो तरी काय करणार, शपथेच्या वेळी चौथऱ्यावर एकटा उभा होता आणि त्याचे कान चांगले आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. तक्रार केली नसती तर तोच आत गेला असता. पहारेकरी आणि ट्रकवरचा माणूस, दोघंही आपण लांब होतो, शब्द कळले नाहीत म्हणाले होते. म्हणजे आता प्रश्न एकच उरला. त्या चौकातल्या मागवाल्या बायकांपैकी आणि पुरुषांपैकी एकानंही 'मी ऐकलं' म्हणायचं नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्रं सुरू झाली आणि मी माग सोडून जागची हलले नाही. शेजारणीला म्हटलं, तिनं पुढे सांगितलं. मुकादम मधल्या वाटेनं फेऱ्या मारत होता आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूनं ते पुढे पुढे जात होतं. विचारतील तर ऐकू आलं नाही म्हणायचं. आपल्याला कुणालाच ऐकू येत नाही. ओळीच्या टोकाला सुतळीपर्यंत ते पोचलं तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. तिला आक्काचा राग आला असता तर तिचं काय चुकलं असतं? तिनं धोटा बदलला, तुटलेला धागा जोडला, आणि मग माझ्याकडे बघून मान डोलवली.

चौकशी गिरणीच्या जेवणघरात झाली. शहरातून तपासनीस आला होता, सडपातळ, नीटनेटका, आवाज अगदी मऊ. त्याच्यासोबत दोन पोलीस. जेवणघराच्या एका कोपऱ्यात काचेची खोली आहे, साहेब लोक जेवायचे ती. तिच्यासमोर टेबल मांडलं होतं आणि टेबलाशेजारी आक्काला खुर्चीवर बसवलं होतं. आम्ही बाकांवर. एकेकाला उभं करून विचारणं सुरू झालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या बहिरेपणाचा आम्हाला उपयोग झाला.

तपासनीसानं विचारावं, समोरच्यानं 'काय?' म्हणावं. त्यानं परत विचारावं, याचं परत 'काय?' तिसऱ्या खेपेला पोलिसानं ओरडून विचारायचं आणि मग आमचा माणूस त्याच्या दुप्पट ओरडून सांगायचा की साहेब, मला ऐकू येत नाही. दहा-बारा जण होईपर्यंत पोलिसांनी कानांत बोटं घातली. मग तपासनीसानं गिरणीच्या डॉक्टरला बोलावलं. हा डॉक्टर वर्षानुवर्षं आमच्या कानाशी घड्याळ धरायचा आणि 'उत्तम' म्हणून लिहायचा, कारण कान गेले असं लिहिलं तर गिरणीला भरपाई द्यावी लागली असती. त्यानं आताही सांगितलं की सगळ्यांचे कान उत्तम आहेत. त्यावर बाकांवरून असा हशा उठला की डॉक्टर स्वतःच खाली बघायला लागला. तपासनीस हसला नाही, पण त्यानं डॉक्टरला परत पाठवलं.

सुतळीला उभं केलं. तपासनीसानं तिला विचारलं की तुम्ही त्या वेळी खाली का बसलात. तिनं 'काय' म्हटलं नाही. एका दमात उत्तर दिलं.

"चक्कर आली. मला काही ऐकू आलं नाही, साहेब. ऐकू आलं असतं तर मी आज कामावर आले असते का?"

तपासनीस बसा म्हणाला. आक्का मान खाली घालून बसली होती. शेवटी माझी पाळी आली. मी तर तिच्या शेजारीच उभी होते, माझ्या कानाशीच ती वाकली होती. मी सांगितलं की तो कान माझा पूर्ण गेलाय, आणि ते खरंच होतं. त्यानं आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या, मी उत्तरं दिली. इतक्या हळू बोलणाऱ्या माणसाचं बोलणं मला कसं समजतंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सगळे झाले. त्यानं कागद गोळा केले, पेनचं टोपण लावलं आणि उठून काचेच्या खोलीत गेला. आम्हाला वाटलं फोन करायला गेला. बाक सरकवल्याचे आवाज, कुणी खोकतंय, कुणी डबा शोधतंय. काचेपलीकडून तो आमच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं तोंड उघडलं. आवाज बाहेर येणं शक्यच नव्हतं. पण ओठ मोठे, गोल, सावकाश, आणि शेवटी उताणा तळवा आडवा फिरवला, कापड उतरलं की आम्ही फिरवतो तसा.

"संपलं. बाई सुटल्या. घरी घेऊन जा."

मी उठलेच. एकटी नाही, माझ्या मागची अख्खी रांग उठली, पुढची उठली. शिवणखात्यातल्या एकीनं टाळी वाजवली. कुणीतरी हसलं, कुणीतरी देवाचं नाव घेतलं. नवरा बाकावरून उडी मारून आक्कापर्यंत पोचला आणि त्यानं तिचा हात धरला, आणि तीही उठली, डोळे पुसत, दाराकडे वळली. दोन्ही पोलीस गोंधळून आमच्याकडे बघत होते, कारण त्यांच्या लेखी खोलीत कुणी काहीच बोललेलं नव्हतं. जागेवर बसून राहिली ती एकटी सुतळी. ती आम्हाला हातानं खाली बसा, खाली बसा असं करत होती.

मग आम्हाला कळलं. ज्याला जसं कळलं तसा तो बसला.

तपासनीस बाहेर आला. विजय-बिजय झाल्यासारखा तो दिसत नव्हता. त्यानं खुर्ची ओढली आणि म्हणाला की माझी आई मागावर होती, दुसऱ्या गिरणीत. घरी आम्ही असंच बोलायचो. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला मान्य आहे, तिलाही येत नव्हतं. पण साक्ष कानाचीच हवी असं कायद्यात नाही. डोळ्यांची चालते. बाई बोलल्या तेव्हा त्यांचे ओठ कुणाकुणाला दिसत होते तेवढं आता सांगा. खोटी साक्ष देणाऱ्याला त्याच शिबिरात जावं लागतं, हे मात्र लक्षात ठेवा.

हे सगळं तो माझ्याकडे बघून बोलला. साहजिकच होतं, तिचं तोंड माझ्याच बाजूला होतं. मी उभी राहिले. नवऱ्याकडे पाहिलं तर त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. त्याची बहीण एका पारड्यात आणि बायको दुसऱ्यात. मला मुलगी दिसत होती, घरी एकटी. मी तोंड उघडलं आणि खरं सांगते, काय बाहेर पडणार होतं ते माझं मलाही माहीत नव्हतं.

"बस खाली," आक्का म्हणाली. तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे भिंती हादरल्या. "कशाला त्यांना छळता? मीच म्हणाले. मला वाटलं हळू म्हणाले, पण म्हणाले. माझीच साक्ष लिहा दुसरी. आणि मी काय खोटं बोलले तेवढं सांगा."

"बाई," तपासनीस म्हणाला, "जरा हळू बोला."

"तेच तर येत नाही ना," आक्का म्हणाली.

एक-दोन जण हसले. त्यांना हसू आवरलं नाही. तपासनीसानं लिहून घेतलं, तिनं सही केली, आणि तिला नेलं. नवरा पोलिसांच्या ट्रकमागे फाटकापर्यंत धावला. आमच्यापैकी कुणावर काही कारवाई झाली नाही. एक गुन्हा, दोन साक्षी, काम पुरं झालं होतं.

पुढच्या महिन्यात मागखात्यात फडकी वाटली. नाकातोंडावर बांधायची, मागे दोन गाठी. कापसाचे तंतू छातीत जातात म्हणून फडकी द्या, असं आम्ही युनियनच्या काळात किती मागितलं होतं, भांडलो होतो, संप करायची वेळ आली होती, तेव्हा गिरणीला परवडत नव्हतं. आता फुकट मिळाली आणि सक्तीची झाली. भिंतीवर पाटी लागली की देशाला तुमच्या फुफ्फुसांची काळजी आहे. माझा खोकला खरंच कमी झाला, तेही सांगायला हवं. हातांनी थोडंफार बोलता यायचं, धागा दे, मुकादम आला, पाणी संपलं. तेवढंच. सुतळीच्या मुलाचं काय झालं हे तिला कुणी सांगितलं नाही आणि ती कधी कुणाला विचारायला गेली नाही. रेडिओ तेच सांगत होता.

घरात आक्काचं नाव आम्ही काढत नव्हतो असं नाही. उलट सारखं काढायचो. भाजी करपली की नवरा म्हणायचा, आक्का असती तर चौथ्या घरापर्यंत कळलं असतं. भेटीचा अर्ज तो दर थोड्या दिवसांनी करायचा आणि कचेरीतला माणूस दर वेळी म्हणायचा की सुधारणा चालू आहे. माणसाची काय सुधारणा करतात ते मला कळत नसे. मारत असतील, उपाशी ठेवत असतील, एवढंच मी धरून चालले होते, आणि त्याला तोंड द्यायची आक्काची तयारी आहे असं स्वतःला सांगायची.

वर्ष उलटून गेलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी दार वाजलं. ते अर्थात मुलीलाच ऐकू आलं. तिनं उघडलं तर दारात आक्का. केस कापलेले, अंगात कुणाचा तरी ढगळ कोट, निम्मी झालेली, पण चालत आलेली, स्वतःच्या पायांनी. नवरा जेवता जेवता खरकट्या हातानं उठला आणि तिच्या गळ्यात पडला. हुंदके देऊन रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, सुटलो. आली एकदाची. जिवंत आली, आता बाकीचं बघून घेऊ.

तिला खुर्ची दिली, ती नुसती कडेला टेकली. मी पाण्याचं भांडं भरून हातात दिलं आणि प्रश्नांचा भडिमार सुरू केला, कशी आहेस, कुणी सोडायला आलं होतं का, मारलं का गं तुला. तिनं उत्तर द्यायला घेतलं असं मला वाटलं, पण बोलण्याआधी तिनं मोकळ्या हाताचा तळवा तोंडासमोर धरला. ओठ दिसेनात. आवाजही येईना. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्यालाही काही कळलं नव्हतं. आवाज गेला बिचारीचा, असं माझ्या मनात आलं. मी तिचा तळवा धरून खाली घेतला, म्हटलं नुसते ओठ हलव, आपलंच घर आहे, इथं कोण बघतंय. हात खाली घेतला की तिचं तोंड मिटायचं. सोडला की तळवा परत वर. तीन वेळा असं झाल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर काढणार होते? समोर तीच होती.

मुलगी पुढे झाली. आत्यासमोर गुडघ्यावर बसली आणि त्या तळव्याच्या आत, तोंडापाशी, आपला कान नेला. बराच वेळ ऐकत राहिली.

"आवाज आहे, आई," ती म्हणाली. "बोलतेय ती. हळू बोलतेय."

"अगं पण काय म्हणतेय?"

"विचारतेय की पाणी प्यायलं तर चालेल का."

भांडं तिच्या हातात तसंच भरलेलं होतं, आणि आमच्यापैकी कोण हो म्हणतंय ते ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.